वजा केलेली हळद

सांगलीत आता पन्नाशी ओलांडलेली माणसं वर्षातून एकदा ‘उजेडाला’ जाऊन येतात. केसासारखा बारीक काचतंतू घशातून जठरात उतरवतात आणि भिंतीला टेकवतात. भिंतीपल्याड स्वादुपिंड असतं. तंतूतून निळा प्रकाश सोडला की तिथल्या पेशी स्वतःचा मंद उजेड परत पाठवतात. त्याला म्हणतात स्वप्रभा. बिघडू लागलेल्या पेशींची स्वप्रभा वेगळी दिसते, तीही गाठ धरण्याच्या कितीतरी आधी. एरवी हा कर्करोग कळायचा तोच फार उशिरा.

अडचण होती हळदीची. निळ्या प्रकाशात हळदही चमकते. रोज ती खाणाऱ्यांच्या अंगात तिचा झळाळ मुरलेला असतो, आणि तो बिघाडासारखाच दिसायचा. चांगली धडधाकट माणसं घाबरून घरी जायची. म्हणून यंत्राला ‘हळदवजावट’ शिकवली. चित्रातून हळदीचा वाटा आपोआप कमी व्हायला लागला आणि सगळे निर्धास्त झाले.

गणपती नुकतेच गेले होते. डॉ. अन्वया केळुसकर यांच्यासमोर इंदुमती ठोसर बसल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान. बाईंच्या पाठीत कळ, वजन उतरलेलं, आणि चित्र मात्र निर्मळ.

“उपास कमी कर म्हटलं तर ऐकेल ती इंदू कसली!” यजमान म्हणाले. “देवालाच कंटाळा आला असेल हिचा.”

“तुम्ही रिक्षा बघा जा,” इंदुमतीबाई हळूच म्हणाल्या. ते हसत उठले. मागच्या वर्षीच त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं.

तपासणीनंतर घशाला आराम पडावा म्हणून नर्सने हळदीचं दूध आणलं.

“मला नुसतंच द्या हो. चालेल.”

अन्वयाने मान वर केली. “काकू, हळद खाता ना रोज?”

“मघाशी फॉर्म भरताना त्या मुलीनं विचारलं, तेव्हा सांगितलं की. खाते.”

“मग दुधातली का नको?”

इंदुमतीबाईंनी पदर सारखा केला.

“चातुर्मासात सोडलीय का?”

“असलं बोलून दाखवायचं नसतं, बाळ. फळ जातं.” त्यांनी दाराकडे पाहिलं, यजमान गेले होते तिकडे. “आणि ते फळ माझ्यासाठी मागितलेलं नाही.”

“नका सांगू. माझं मी बघते.”

तिने वजावट बंद केली. पडद्यावर स्वादुपिंडाच्या शेपटाकडे चिंचोक्याएवढा डाग उजळला. हळद अंगात नव्हतीच. यंत्राने हळद समजून जे वजा केलं, तो आजार होता.

“काढता येईल,” अन्वया म्हणाली. “वेळेत आलात.”

“मी काही सांगितलं नाही हं,” इंदुमतीबाई घाईने म्हणाल्या. “तुम्ही ओळखलंत.”

“हो काकू. मीच ओळखलं.”

त्या देवाला हात जोडून गेल्या. अन्वया पडद्यासमोर बसून राहिली. आषाढापासून तपासलेल्या सगळ्यांची चित्रं वजावटीशिवाय पाहिली असती, तर हळद खाणारी प्रत्येक बाई आजारी दिसली असती. कुणी काय सोडलंय हे यंत्राला कळत नव्हतं. एकेकीला विचारावं लागणार होतं, आणि जिने खरोखर सोडलं असेल तीही ‘काही सोडलं नाही’ असंच म्हणणार होती.

श्रावणात तिने स्वतःच्या आईचंही चित्र पाहिलं होतं. निर्मळ, असं स्वतःच लिहिलं होतं. तेव्हा अन्वयाला पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं राहिली नव्हती.

तिने फोन लावला.

“आई, खरं सांग. माझ्यासाठी काही धरलंयस का? काही सोडलंयस?”

“काहीतरीच तुझं!” आई पलीकडून हसली. “तू आधी जेवलीस का ते सांग.”