घरी राहिलेली शिट्टी

ह्यांचा स्वेटर न्यायला म्हणून मी दुपारी घरी आले. सकाळीच ह्यांच्या फुफ्फुसातली कर्करोगाची गाठ काढली होती. गाठ निघाली, पण सर्जनबाई आधीच म्हणाल्या होत्या, "फुफ्फुसं जुन्या आजारानं थकलीयत. श्वासाची नळी काढल्यावर आपले आपण श्वास घेतील का, ते बघावं लागेल."

कित्येक वर्षं ह्यांच्या छातीत श्वासागणिक शिट्टी वाजायची. जिन्यावर पाऊल वाजायच्या आधी ती ऐकू यायची. सकाळी ऑपरेशनला आत नेताना हे हसून म्हणाले, "तुझ्या देवाला सांग, शिट्टी तेवढी ठेव. नाहीतर मी आल्याचं तुला कळायचं कसं?"

"काहीतरीच तुमचं!" मी दटावलं. मनात मात्र नवस बोलले, 'देवा, ही शिट्टी ह्यांच्या छातीतून काढ. वर्षभर एकवेळ जेवेन.' काढून ठेवायची कुठे, ते बोलायचं राहून गेलं.

घरात पडदे ओढलेले होते. बामाचा वास कोंडला होता. मी कपाट उघडलं, आणि मागून आवाज आला.

सूंऽऽ... सूंऽऽ...

ह्यांच्या खुर्चीतून. रिकाम्या खुर्चीची उशी हळूच फुगत होती, हळूच बसत होती. हे गेले... आणि घरी आले...

तेवढ्यात मुलीचा फोन. "आई... नळी काढली. बाबा आपले आपण श्वास घेतायत! आणि शिट्टी नाही गं... अजिबात नाही!"

सूंऽऽ...

"आई, कोण आहे तिथं?"

"कुणी नाही गं... घरातलंच आहे."

पळणार तरी कशी? त्याच आवाजाच्या सोबतीनं इतकी वर्षं मला झोप लागत होती. जुनी शाल काढून मी खुर्चीवर पांघरली, आणि स्वेटर घेऊन दवाखान्यात गेले.

काही दिवसांनी हे घरी आले. त्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नाही. "खुर्ची देवाला वाहिलीस की काय?" हे चिडवतात. शालीखालची शिट्टी अगदी जवळ बसल्यावरच ऐकू येते. रोज दिवा लावून मी खुर्चीशेजारी जप करत बसते.

काल संध्याकाळी घर फार शांत वाटलं. काय कमी आहे, ते उशिरा ध्यानात आलं. शाल हलत नव्हती.

ह्यांनी पेपरातून मान वर केली.

"अगं, धावत आलीस का कुठून? केवढी शिट्टी वाजतेय तुझ्या छातीत..."

दिवा लावल्यापासून मी जागची हलले नव्हते.