चौथं मशीन मुंगसवाडी

२०१३चा एप्रिल. चिकलठाण्याच्या आमच्या ऑफिसात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, आणि खिडकीसमोर मात्र नव्या इमारतीचे स्लॅबवर स्लॅब पडत होते. त्यांना पाणी कुठून मिळायचं, देव जाणे.

आमच्याकडे तीन युनिक्स मशीनं होती: वेरूळ, पिशोर आणि बजाजनगर. नावं ठेवायची हौस माझीच. प्रोग्रामच्या सगळ्या फायली वेरूळवर असायच्या, बाकीची दोन त्या नेटवर्कवरून वापरायची. बिल्ड, म्हणजे या फायलींपासून प्रोग्राम तयार करायचा टप्पा, सुरू केला की जे मशीन मोकळं असेल ते पुढची फायल उचलायचं, तयार करून परत ठेवायचं आणि त्यापुढे आपलं नाव टाकायचं. सोमवारी तयार प्रोग्राम गेला नाही तर कंपनी आमचं ऑफिस बंद करून पुण्याला हलवणार होती. आणि तीन मशीनांकडून सोमवारपर्यंत ते काम होणं शक्यच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी स्क्रीनवर चौथं नाव दिसलं. मुंगसवाडी.

"सुलेखा, ही चेष्टा कुणाची?" मी चिडून विचारलं. ऑफिसात त्या दिवशी मी आणि माझ्या हाताखालची ही प्रोग्रामर, आम्ही दोघंच होतो.

तिनं स्क्रीनजवळ येऊन नाव वाचलं. मग म्हणाली, "सर, हे आमचं गाव. जायकवाडीत बुडालेलं. औंदा पाणी आटलं, तर उघडं पडलंय. जुनी माणसं सगळी तिथंच पुरलेली, म्हणून आमचे बाबा एकटेच तिथं जाऊन बसलेत."

मी केबली तपासल्या. मशीनं तीनच होती. मुंगसवाडीच्या फायली मात्र बिनचूक होत्या आणि भराभर येत होत्या. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण मुदत मानगुटीवर बसलेली, आयती मदत कोण नाकारतं? मी बिल्ड चालू ठेवला.

शनिवारी बातमी आली. वरच्या धरणांतून पाणी सोडलंय, आटलेल्या जलाशयात कुणी थांबू नये. सुलेखानं वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"बाबा, पाणी येतंय. निघा तिथून."

"काम चालू हाय पोरी," धोंडिबा शांतपणे म्हणाले. "हातातलं टाकून कसं येऊ? येतंच ऱ्हायलंय."

"कसलं काम?"

"काय ठावं. येतं, करून द्यायचं."

स्क्रीनवर मुंगसवाडीनं आणखी एक फायल परत ठेवली.

सुलेखानं माझ्याकडे पाहिलं. "सर, बंद करा."

"अगं, पण सोमवारी..."

"बंद करा म्हणते ना!" ती रडत होती.

मला लाज वाटली. मी बिल्ड थांबवला. निम्मंही काम झालं नव्हतं.

फोन अजून चालूच होता.

"थांबलं बघ," धोंडिबा म्हणाले. "निघतो."

संध्याकाळी पैठणहून जीपनं ते घरी पोचले. रात्रीतून मुंगसवाडी पाण्याखाली गेली.

रविवारी सकाळी मी ऑफिसची आवराआवर करायला गेलो. बिल्ड बंदच होता. फायली मात्र सगळ्या तयार होत्या, आणि थांबवल्यानंतरच्या प्रत्येक फायलीपुढे एकच नाव होतं.

मी तडक सुलेखाचं घर गाठलं. धोंडिबा दारात बाजेवर चहा पीत बसले होते.

"जयभीम साहेब."

"जयभीम. बाबा, तुम्ही तर काल निघालात. मग उरलेलं काम कुणी केलं?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मला पोरीनं बोलावलं, म्हणून मी आलो," ते म्हणाले. "बाकीच्यांना कुणी बोलावलंच नाय."