सारंगखेड्याची ट्राम

जवळ सरकून बसा. सांगतो, पण यात खरं किती आणि माझ्या कानांनी घातलेली भर किती, ते माझं मलाच नीट कळत नाही. घडलं ते लखनच्या बाबतीत. शहाद्यात एसटी स्टँडमागे पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, तो लखन.

गेल्या वर्षी पंचवीस नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेनऊला तो तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि भाकरीचा डबा घेऊन सारंगखेड्याला निघाला. चुनीलालभाईंनी तापीकाठच्या आपल्या हॉटेलासाठी मुंबईच्या भंगारातून जुनी विजेची ट्राम आणली होती. घोडेबाजाराआधी ती शंभर फूट तरी चालायला हवी होती. शेतीच्या लाइनीवर थ्री फेज यायची रात्री बाराला, म्हणून काम रात्रीचं.

ट्राम ठेवलेल्या शेडमध्ये त्याचा थोरला भाऊ सुपडू दिवसभर बाकांना रंग देऊन दमला होता. आईबाप गेल्यावर लखनला त्यानंच वाढवलेलं. जेवण झालं आणि त्यानं खाट टाकली ती नेमकी ट्राम आणि भिंत यांच्या मधे, रुळांवर.

"भाऊ, आठे नको झोपू."

"का रे? गाडी तिकडे जाई, मांगे कसाले येई? तुनी मोटर काय घोडी शे, लाथ माराले?"

लखन हसला. दोघांचं आयुष्य पंपांत गेलेलं, आणि पंप एकाच दिशेला फिरतो. ट्रामला मात्र मागची बाजू नसते. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा, दोन्ही टोकं पुढचीच. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर बाकांच्या पाठी एकेक करून उलट्या करत यायचा, दोनदा घंटी द्यायचा, की गाडी आल्या वाटेनं परत. लखनला हे ठाऊक होतं. पाठींच्या बिजागऱ्या त्यानंच बसवल्या होत्या. तरी तो हसून पुढच्या टोकाला गेला. तारांना हात लावायचा म्हणून तिन्ही फ्यूज काढून त्यानं खिशात घातले.

पावणेबारा वाजले. सुपडूचं घोरणं ऐकू येत होतं.

खट्.

सुपडूकडच्या टोकाला काहीतरी वाजलं. लखननं बॅटरी मारली. शेवटच्या बाकाची पाठ उलटी झाली होती. बिजागरी सैल राहिली असेल, असं त्याला वाटलं.

खट्. दुसरी.

खट्. तिसरी. मधे कोणी नाही...

पाठी त्याच्याच दिशेनं उलटत येत होत्या. सावकाश. सवयीच्या हातानं उलटाव्यात तशा. पाचव्या रांगेशी पुढे होऊन त्यानं हात आडवा घातला. पाठ त्याच्या बोटांवर आदळली, आणि तिथंच दाबून राहिली. दाबतच राहिली. हाड वाजलं, तेव्हा सुटली.

तो मागे सरला. सहावी. सातवी.

आठवी त्याच्या गुडघ्याला घासून उलटली. सगळे बाक आता सुपडूकडे तोंड करून होते.

मग काहीच नाही...

टण्.

टण्.

लखननं उडी टाकली. "भाऊ! ऊठ! भाऊ!" ट्रामच्या कडेकडेनं तो पळाला. शेजारी चाक किंचाळलं. सुपडूनं डोक्यावरून गोधडी घेतलेली. लखननं मोडका हात आणि धड हात, दोन्ही घालून त्याला गोधडीसकट ओढला.

खाट भिंतीशी चुरगळली. कडाकड.

सुपडू जमिनीवरून शिव्या देत उठला. "गधडा, वीज कसाले सोडी?"

लखननं खिशातून फ्यूज काढून दाखवले. तिन्ही.

आता तुम्ही म्हणाल, रुळांना उतार असेल. मलाही तेच वाटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात गवंडी लावतात तशी पाण्याची नळी लावून मोजून घेतलं. रूळ सपाट. पण मोजताना माझीच चूक झाली असेल, असंही वाटतं.

भाऊ वाचला, एवढं खरं. पहाटे दोघं घरी आले. सुपडूची बायको भिकुबाई चहा द्यायला वाकली आणि तशीच थांबली.

"तुमना कानले हाई काय व्हयनं?"

सुपडूच्या उजव्या कानाच्या वरच्या भागात आरपार भोक. ज्वारीच्या दाण्याएवढं, अगदी गोल. एसटीचे जुने कंडक्टर चिमट्यानं तिकिटाला पाडायचे, तसं.

रक्त नाही. दुखत नाही. कड इतकी गुळगुळीत, की जन्मापासूनचं वाटावं...