पाचवं पोर्ट

ही घटना घडलेली आहे. रेश्माने ती तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा वेळ, माणसं, शब्द तेच होते. चौथ्यांदा सांगायला तिने नकार दिला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५. ठिकाण भवानीनगर, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तिचं ऑनलाइन सेवा केंद्र.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

रेश्मा पहाटे पाचपासून उभी होती. घरचं आवरून आठला शटर वर केलं, तेव्हा बाहेर अकरा माणसं बसलेली. महिनाभर हेच चाललं होतं. पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, पोरांचे फॉर्म, शेतकऱ्यांची ओळखपत्रं. डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती.

तिचा लॅपटॉप जुना. त्याला यूएसबीची दोन पोर्ट, त्यातलं एक मेलेलं. दुसऱ्यात तिने चार पोर्टांचा हब लावला होता. पहिल्यात माउस, दुसऱ्यात प्रिंटर, तिसऱ्यात अंगठ्याचं मशीन, चौथ्यात कॅमेरा.

डोळ्यांचं मशीन, बुबुळावरून ओळख पटवणारं, ड्रॉवरमध्ये. लागेल तेव्हा एखादी वायर उपसायची आणि ते लावायचं.

पण हब ढिला झाला होता. एका वायरीला हात लावला की चारही मशीन सुटायची. प्रिंट चालू असली तर पुन्हा पहिल्यापासून.

एक वाजता सिंधुबाई आल्या. वय सत्त्याहत्तर. नवरा कारखान्यात होता, त्याच्या माघारी मिळणाऱ्या पेन्शनवर त्यांचं चाललेलं. दाखल्याची मुदत त्याच दिवशी संपत होती.

रेश्माने त्यांचा फॉर्म भरला. अंगठा ठेवला. उठला नाही. दहाही बोटं झाली. एकही उठलं नाही. आयुष्यभर उसाची खुरपणी केलेले हात ते, रेघा राहिल्याच नव्हत्या.

"बया! मी जिती हाय, ह्येला ह्या डबीचा दाखला लागतोय व्हय?"

बाकड्यावरची माणसं हसली.

"मग डोळं घे की गं. गेल्या साली डोळ्यावरच केलं हुतंस."

रेश्माने प्रिंटरकडे पाहिलं. शाळेच्या फॉर्मांची प्रिंट चालू होती. एकशे बारातली चाळीस पानं झाली होती. शाळेचा क्लार्क इंद्रजित समोरच बसलेला.

"ओ ताई, वायरीला हात लावू नका हां. मागं दोनदा माझी पानं गेल्याली. आज नव्यानं काढायला लावलीत तर हितंच मुक्काम ठोकीन."

रेश्मा दमली होती. एवढंच खरं कारण. ती पुढे कधी दुसरं सांगत नाही.

"आजी, वायरीच्या जागा सगळ्या भरल्यात. उद्या या. एका दिवसानं काय अडत न्हाय."

"उंद्या? माझ्या पायात जीव न्हाय गं पोरी."

"पहिला नंबर तुमचा. शब्द दिला."

सिंधुबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या.

"पयला नंबर... ध्यानात ठेव बरं."

तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

दोन वाजून पाच मिनिटांनी प्रिंट संपली. इंद्रजित गठ्ठा घेऊन गेला. बाकीची माणसं जेवायला पांगली. रेश्माने शटर अर्धं ओढून डबा उघडला. स्क्रीनवर सिंधुबाईंचा अर्धवट फॉर्म तसाच उघडा होता. बंद करायचाही तिला कंटाळा आला होता.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. मग शांत झालं.

आणि लॅपटॉप वाजला...

टुडुंग.

नवीन मशीन जोडल्यावर वाजतो तो आवाज. दिवसातून पन्नासदा तिच्या कानावर पडणारा.

तिच्या हातात भाकरी होती. हबजवळ कोणी नव्हतं.

हब ढिला आहे, ती स्वतःशी म्हणाली. पण हब सुटला तर आधी तुटल्याचा आवाज येतो, मग जोडल्याचा. इथे फक्त जोडल्याचा आला होता.

तिने वायरी मोजल्या. चार.

ड्रॉवरच्या फटीत... काहीतरी लाल दिसत होतं.

तिने ड्रॉवर ओढला.

डोळ्यांचं मशीन आत होतं. वायर गुंडाळलेली, त्यावर तिनेच चढवलेलं रबर. पिन उघडी, कशातच नाही.

मशीनचे दोन्ही दिवे लागलेले होते.

स्क्रीनवर ओळ आली. 'डोळे उघडे ठेवा.'

समोरची खुर्ची रिकामी होती.

'हलू नका.'

खुर्ची हलली नाही... फक्त तिचा एक हात किंचित करकरला. कुणी धरून बसावं तसा.

'पडताळणी यशस्वी.'

प्रिंटर सुरू झाला. एकच पान आलं. सिंधुबाईंचं नाव, पेन्शनचा क्रमांक, तारीख. वेळ दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं. खाली, हयात.

दिवे विझले.

रेश्माने सिंधुबाईंच्या सुनेला, मनिषाला फोन लावला.

"मनिषा, आजी घरी पोचल्या का?"

पलीकडे रडण्याचे आवाज होते.

"आत्या गेल्या वो ताई. वस्तीच्या वळणावर खाली बसल्या त्या उठल्याच न्हाईत. डॉक्टर पावणेदोनला आलं, त्येंनी सांगितलं."

"काही बोलल्या का गं?"

"मी पळत गेले तवा सुद होती. म्हनल्या, उंद्या पयला नंबर हाय माझा, मला लवकर उठीव."

दाखला रेश्माच्या केंद्राच्या लॉगिनवरून निघाला होता. मेलेल्या माणसाला हयात दाखवल्याचं नंतर उघड झालं असतं, तर तिचं केंद्र गेलं असतं. तिने काही लपवलं नाही. त्याच संध्याकाळी लेखी कळवलं. दाखला रद्द झाला. मशीनचा बिघाड, असं कागदावर आलं.

चार दिवसांनी बारामतीहून यशराज आला. लॅपटॉपची दुरुस्ती तोच करतो. बराच वेळ तो नोंदी बघत बसला.

"ताई, त्या वेळेला हबात काय काय लावलं हुतं?"

"सांगितलं की. माउस, प्रिंटर, अंगठा, कॅमेरा."

"मग ह्ये बघा. डोळ्यांचं मशीन जोडल्याची नोंद हाय. त्याच हबात. पोर्ट नंबर पाच."

दोघांनीही हबकडे पाहिलं.

त्याला चारच पोर्ट होती.

यशराजने नवा, सात पोर्टांचा हब बसवला. आता सगळी मशीन एकदम लागतात. डोळ्यांचं मशीन कायम जोडलेलं असतं. त्या दिवसापासून रेश्माने कुणाला 'उद्या या' म्हटलेलं नाही. कितीही उशीर होवो.

पण रोज सकाळी आठला ती शटर वर करते, लॅपटॉप चालू करते, आणि पहिला माणूस आत येण्याआधी...

टुडुंग.

एकदाच.

ती पहिल्या नंबरची चिठ्ठी फाडते, रिकाम्या खुर्चीवर ठेवते आणि मिनिटभर थांबते. मग दोनपासून नंबर वाटते.

गेल्या आठवड्यात इंद्रजित सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. हातात चिठ्ठी घेऊन बघत राहिला.

"ताई, माझ्या आधी कुत्रं न्हाय हितं. मग एक नंबर कुणाला दिला?"

रेश्माने मान वर केली नाही.

"हायत एक," ती म्हणाली. "जरा सरकून बस."