रविवारची हुळी

गोठवलेल्या मसाल्याचा एक गोळा बत्तीस ग्रॅम भरतो. मध्यम आचेवर तो पूर्ण विरघळायला नव्वद सेकंद लागतात. आधी कडा सुटतात, मग मधला पांढुरका भाग बसतो आणि सगळ्यात शेवटी वास येतो... धणे, खोबरं, ब्याडगी मिरची. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. औषधांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला असल्या सवयी लागतात. पण हे निरीक्षण मी आठ महिने कुणाजवळ बोलले नाही. ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं, त्याच्याजवळ तर नाहीच.

आमच्या कंपनीत तिसऱ्या मजल्यावर जेवणाची खोली आहे आणि तिथे एकच मायक्रोवेव्ह. एक वाजता त्याच्यापुढे माणसांची नाही, डब्यांची रांग लागते. मार्चमधल्या एका दुपारी मी माझा डबा उचलून आणला, झाकण काढलं, तर आत लिंबाचं चित्रान्न, शेंगदाणे घातलेला पिवळा भात. मान वर केली. खिडकीपाशी एकजण तसल्याच डब्यातून माझी हुळी, म्हणजे आमची कानडी आंबट आमटी, आणि भात खात होता. जवळजवळ संपवला होता.

"हा डबा माझा आहे," मी म्हणाले.

त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चमचा हातात तसाच.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणतोय, आज अम्माला झालंय काय. अशी हुळी आमच्याकडे सणालाच होते. दोन घास उरलेत... देऊ?"

"नको. उष्टं झालं."

"मग माझं चित्रान्न खा. शेंगदाणे मोजून घ्या हवं तर, एकही कमी नाही."

मी समोर बसले. त्याचं नाव निश्चल, पॅकिंग विभागात इंजिनियर. बोलताना तो डोळे थोडे बारीक करायचा, जणू समोरचं माणूस बारीक अक्षरात छापलेलं आहे. घरची हकीकत त्याने आपणहून सांगितली. "आमच्याकडे सकाळचं रात्री चालत नाही. अम्माच्या फ्रिजमध्ये दूध, दही आणि देवाची फुलं. चौथी वस्तू दिसली तर घरात चौकशी बसते. तुम्ही किती वाजता उठता हो, एवढं करायला?"

त्याच आठवड्यात आमच्या घरमालकीणबाई माझ्याकडे बर्फ मागायला आल्या होत्या. फ्रीजरमधले तारीखवार डबे बघून म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर आहे की शवागार?" ते अजून कानात होतं. म्हणून की काय...

"साडेपाचला," मी म्हणाले.

मी सात वाजून दहा मिनिटांनी उठते. रविवारी दोन तास राबते. डाळ चार शिट्ट्या शिजवून डब्यांत भरते, मसाला वाटून बर्फाच्या साच्यांत गोठवते. मग रोज सकाळी कुकरला भात, पातेल्यात डाळ, चिंच, भाजी आणि एक गोळा, वरून फोडणी. अकरा मिनिटं. यात लाजण्यासारखं काय आहे, असं मला कुणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. पण लाजले होते खरी.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळे दोन घालू लागले. तो फ्लास्कमधून कॉफी आणायचा, कधी सोललेली संत्री. आठवडाभराने पहाटे फोन वाजला. निश्चलचा संदेश.

"उठलात? एकट्याच जाग्या असाल, म्हणून मीही उठलो."

वेळ पाच एकतीस. मी अर्धवट डोळ्यांनी लिहिलं, "तांदूळ धुतेय," आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.

त्यानंतर रोज. मी झोपेतच डाळ निवडायची, नारळ खवायची. एकदा तर "फोडणी जळली" असंही लिहिलं, खरं वाटावं म्हणून. दुपारी तो हसून विचारायचा, "मग, हात भाजला नाही ना?" आणि माझ्या बोटांकडे बघायचा... काळजीने. बोटं धड होती. मी ती टेबलाखाली घ्यायची.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी कंपनीच्या फाटकाशी भुरभुर सुरू झाली. छत्री दोघांकडेही नव्हती. त्याने डब्याची पिशवी माझ्या डोक्यावर धरली.

"चटणी सांडेल," मी म्हणाले.

"सांडू दे. विनुता, मी एक विचारणार आहे, पण पिशवी धरून विचारायचं म्हणजे..."

"मग खाली घ्या."

"नको. भिजाल. लग्न कराल माझ्याशी?"

त्याची बाही कोपरापासून ठिबकत होती. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

विचार काय करायचा होता? मला हो म्हणायचं होतं. पण त्या शब्दाच्या आधी दुसरं एक वाक्य म्हणायला हवं होतं, आणि ते रोज दुपारी घशापर्यंत येऊन परत जायचं. तीन महिने गेले. त्याने घाई केली नाही. त्याची मला आणखीच लाज वाटे.

नोव्हेंबरात तो म्हणाला, "गुरुवारी अम्मा मठातून येताना तुमच्याकडे येते म्हणतेय. सकाळी सातला. सुट्टीच्या दिवशी कुणीही रांधतं, कामाच्या दिवशीचा घास खाऊन बघायचा, असं तिचं म्हणणं."

"परीक्षाच म्हणा."

"परीक्षा कसली. तुमचं रोजचंच तर आहे."

त्या गुरुवारी मी खरोखर साडेपाचला उठले. ठरवलं, निदान आज तरी खोटं नको. डाळ धुतली, मसाला वाटला. घाईत वेळ वाचवायला म्हणून डाळीबरोबरच चिंचेचा कोळ कुकरात टाकला. आंबटात डाळ शिजत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. का शिजत नाही तेही फळ्यावर लिहून दाखवीन. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली कचकच. सात वाजायला वीस मिनिटं होती. मी फ्रीजर उघडला.

बरोबर सातला निश्चल अम्मांना घेऊन आला. अम्मा ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या. कपाळाला मठातलं गंध, हातात तुळस. खाली बसून, पानाभोवती पाणी फिरवून त्यांनी पहिला घास घेतला, आणि डोळे मिटले.

"निच्चू सांगायचा ते खोटं नाही हो," त्या म्हणाल्या. "मी कुठे बाहेर खात नाही. पण ताजं अन्न जिभेला कळतंच."

निश्चल माझ्याकडे बघून हसला. मी तूप वाढायला वाकले.

"आमची मोठी सून चैत्रा, तीही नोकरी करते," अम्मा पुढे म्हणाल्या. "पाकीट फोडते नि गरम करते. रोज सांगते तिला, अगं, त्या प्रयोगशाळेतल्या मुलीला बघ. तीही आठ तास उभी असते ना? साडेपाचला उठते. तू का नाही उठत? परवा रडली. रडू दे, म्हटलं, अंगी लागेल."

तुपाचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, ती माझ्या पांघरुणाखालच्या तांदळांपायी रोज बोलणी खात होती.

"अम्मा," मी म्हणाले, "ही हुळी रविवारची आहे."

"कसली?"

"डाळ रविवारी शिजवलेली. मसाला रविवारी वाटलेला. गोठवून ठेवते. मी साडेपाचला उठत नाही. कधीच उठत नव्हते."

अम्मांनी पानातल्या हाताकडे पाहिलं, तो परका असल्यासारखं. गुरुवार होता, त्या मठातून आल्या होत्या. मला जमिनीवरच्या फरशा मोजाव्याशा वाटल्या.

"आणि 'तांदूळ धुतेय'?" निश्चलने हळूच विचारलं.

"झोपेत लिहायची."

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. अम्मा उठल्या, हात धुतले, तुळस उचलली. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "सांगायचं होतंस गं. खाल्लं नसतं, एवढंच झालं असतं."

शुक्रवारी तो जेवायला आला नाही. शनिवारी पाच एकतीसला मला आपोआप जाग आली. फोन गप्प होता. रविवारीही. सोमवारी मी डब्यात गोळा एकच घातला, आणि डब्यांच्या रांगेपाशी उभी होते, तेव्हा तो मागे येऊन थांबला.

"बसू?" त्याने विचारलं.

खिडकीपाशी समोरासमोर बसलो. डबे बंदच.

"अम्मा रिक्षात एक शब्द बोलली नाही," तो म्हणाला. "घरी आल्यावर म्हणाली, फोडणी मात्र ताजी होती, एवढं कबूल."

"आणि चैत्राबाई?"

"वहिनी? तिने तुमचा नंबर मागितलाय. साचे कुठले घेता, विचारायचंय म्हणे. अम्मासमोर मागितला, मुद्दाम."

मला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. "तुम्ही रागावलात," मी म्हणाले.

"रागावलो. शिळ्यावर नाही. आठ महिने मी अंधारात उठत होतो... वाटायचं, आपण दोघं जागे आहोत. एकटाच होतो की मी."

"हो. एकटेच होतात. मी तुम्हाला एकटं ठेवलं. चांगली दिसावी म्हणून."

"कुणाला?"

"तुम्हालाच. दुसरं कोण होतं?"

त्याने डोळे बारीक केले. मग म्हणाला, "अम्मा मान्य करेल की नाही, मला माहीत नाही. कदाचित तुमच्या घरी कधी जेवणार नाही. हे आधी सांगतो."

"नाही जेवल्या तर नाही. मी उद्याही तशीच रांधणार. लपवणार नाही."

"बरं."

"आणि ऑगस्टपासून माझ्याकडे एक उत्तर राहिलंय."

"घाई नाही—"

"मला आहे." शेजारच्या टेबलावरचे दोघे आमच्याकडे बघत होते. पण वाक्य आता परत जायला तयार नव्हतं.

"निश्चल," मी म्हणाले, "मला तुमच्याशी लग्न करायचंय."