पेपोचे चार शनिवार

गल्लीच्या वळणावर एस्त्रेयाचा खांदा एका चालत्या कपाटावर आपटला. कपाट थांबलं. त्याच्याखालून दोन हिरवट डोळे वर आले.

"कपाटाला लागलं का?" तो हमाल म्हणाला.

"मला लागलं! आणि शब्बाथच्या दिवशी, विश्रांतीच्या शनिवारी, ओझं वाहतोस? ज्यू ना तू?"

"ज्यूच. पण पोटाला अजून कुणी कळवलेलं नाही."

ती रागावणार होती… हसली. घात झाला तो तिथेच.

१९२४ साल. ग्रीसमधल्या सालोनिकाचं बंदर शेकडो वर्षं शनिवारी बंद असायचं, कारण हमाल आम्हा ज्यूंचे, कोळी आमचे, व्यापारी आमचे. मग सरकारने कायदा केला: सुटी रविवारी. शनिवार पाळायचाय? मग दोन दिवस उपाशी बसा. कायदा करणाऱ्यांच्या पाठीवर कधी साधी गोणी पडली नव्हती, त्यांचं काय जातंय!

एस्त्रेया तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. संध्याकाळी तो हमाल, पेपो, दाराशी उभा, खिशात भोपळ्याच्या भाजलेल्या बिया.

"तुझ्या केसांना तंबाखूचा वास येतो."

"मग नको ना जवळ येऊस."

"व्यसन लागलंय… काय करू?"

एकेक बी सोलून तो तिच्या तळहातावर ठेवायचा, आणि बोटं मागे घ्यायला — उगाच — उशीर करायचा.

पण एस्त्रेयाचे बाबा! हाइमबाबांनीही जन्मभर हमालीच केलेली. पेटी पडून पाय गेला तेव्हा घरी बसले. "शनिवारी राबणारा जावई नको मला," ते पेपोला म्हणाले. "चार शनिवार घरी बसून दाखव, मग मुलगी माग."

"बसतो."

एस्त्रेयाने त्याला जिन्यात गाठलं. "वेड लागलंय? मुकादम हाकलून देईल! खोटं सांग ना बाबांना."

"तुला मागतोय गं. खोटं बोलून कसं मागू?"

तो बसला. चौथ्या शनिवारी मुकादमाने त्याचा हमालीचा बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात घातला. मग अख्ख्या बंदरात त्याला कुणी उभं करेना. शेवटी फ्रान्सला, मार्सेयला जाणाऱ्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचं काम त्याने धरलं.

"पोरगा सोनं आहे," हाइमबाबा म्हणाले. "दिली मुलगी." केव्हा, तर त्याचं बोचकं बांधून झाल्यावर!

शुक्रवारी दुपारी तो निरोप घ्यायला आला.

"चल माझ्याबरोबर."

"बाबांना जिना कोण उतरवणार?"

"मग थांबशील?"

"थांबेन म्हटलं तर तू परत येशील… आणि इथे तुला कुत्रंही विचारणार नाही." तिने त्याची कॉलर सरळ केली, पुन्हा सरळ केली. "जीव आहे रे माझा तुझ्यावर. म्हणून सांगते — जा."

शनिवारी सकाळी बोटीचा भोंगा झाला. बाबा प्रार्थना पुटपुटत होते. शब्बाथला विस्तव पेटवणं निषिद्ध; पणजोबांपासून त्या घरात त्या दिवशी कुणी काडी ओढली नव्हती. एस्त्रेया उठली, चूल पेटवली, कॉफी ठेवली.

"पोरी! आज शनिवार…"

"हो बाबा. आणि पेपो भट्टीत कोळसा लोटतोय. आज. आत्ता."

बाबांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. कॉफी उतू जाऊ लागली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.