मागावरची बोली

आरशासमोर केस विंचरता विंचरता, मान न वळवता, लेक स्वतःशीच पुटपुटली, "आज आई आली नाही तर बरं होईल."

मागे बसून तिच्या कपड्यांना इस्त्री करणारी आई ठार बहिरी होती, म्हणून लेक निर्धास्त होती. पण समोर आरसा होता... आणि आई आयुष्यभर डोळ्यांनीच ऐकत आली होती! कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात कुणाचा शब्द कुणाच्या कानी पडत नसे. बायका आवाज न काढता, ओठ मोठाले हलवून, पाळीभर एकमेकींशी गप्पा मारत. त्या खडखडाटानेच आईचे कान नेले. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं, पण लेकीचं शिक्षण तेव्हा अर्ध्यावर होतं, म्हणून तिने ते घरात कुणाला कळूच दिलं नाही.

आईच्या काळजात लक्क झालं. इस्त्री बाजूला ठेवून ती आपल्या मोठ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "मैने, माझा गुडघा फार दुखतोय गं आज. तू एकटीच जा."

लेकीचा चेहरा सैल झाला, तेही आईने पाहिलं. तिला राग आला नाही, भीती वाटली. कॉलेजातल्या नोकरीसाठी लेकीला भरल्या सभागृहात व्याख्यान द्यायचं होतं. मागच्या वेळी पोरीची दातखीळ बसली, पहिल्या रांगेतून आई "बोल की गं!" म्हणून ओरडली आणि सगळे हसले होते. आजची संधी शेवटची होती. घरी बसून आईचा जीव थाऱ्यावर राहिना... शेवटी तिने दाराला कडी घातली आणि ती निघाली.

सभागृहात ती मागच्या रांगेत, खांबाआड बसली.

लेक व्यासपीठावर आली. तिचे ओठ उघडले... मिटले... पुन्हा उघडले. त्यांना कुठल्याच शब्दाचा आकार येत नव्हता. पुढच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे वळल्या. "गेली ही," एकीचे ओठ म्हणाले. व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या एका परीक्षकाने शेजाऱ्याकडे तोंड वळवलं आणि तेही आईने दुरून वाचलं, "पुढच्याला बोलवू या."

ही वाचायची कला आपल्याला कशाला आली, असं तिला त्या क्षणी झालं. उभं राहावं तर लेकीची पुन्हा शोभा होणार, ती कदाचित जन्मभर तोंड बघणार नाही! आणि बसून राहावं, तर डोळ्यांदेखत पोरीच्या हातातली नोकरी जाणार...

ती खांबाआडून बाहेर आली. तिने आवाज काढला नाही. मागावर बोलायची तसे ओठ मोठे केले.

"नदी कधीच सरळ वाहत नाही."

व्याख्यानाचं ते पहिलं वाक्य होतं. नदी सरळ का वाहत नाही, हे आईला कुठे ठाऊक होतं? रोज आरशातल्या लेकीच्या ओठांवरून तिने ते सारं उचललं होतं, इतकंच.

लेकीची भेदरलेली नजर तिच्यावर येऊन थांबली. बोबडे बोल फुटण्याआधी ही पोर आईच्या ओठांची हीच बोली शिकली होती. "नदी..." तिचे ओठ हलले. समोरची माणसं सावरून बसली, म्हणजे आवाज फुटला होता! आई वाक्य सांगत गेली, लेक बोलत गेली... आणि थोड्याच वेळात लेक इतकी पुढे निघून गेली, की आईला नुसतं बघत राहण्यावाचून काम उरलं नाही. शेवटी टाळ्या वाजवणारे हात तिला डोळ्यांतल्या पाण्यातून धूसर दिसले.

लेक मात्र माइकपुढून हलली नाही. तिचे ओठ पुन्हा हलू लागले, मोठे, सावकाश, आवाजाशिवाय. माइक बंद पडला असं वाटून एकजण वायर तपासायला धावला.

"हे मी आरशासमोरच पाठ केलं होतं, आई... म्हणजे सकाळचंही तू वाचलंस."

आईने मान खाली घातली. पण खाली बघितलं तर पुढचं वाचता येईना, म्हणून तिला वर बघावंच लागलं.

"चुकले गं मी. पुढे ये. सगळ्यांना दिसशील अशी बस."

आईने डोळे पुसले आणि तिचेही ओठ मुक्यानेच हलले.

"येते. गुडघा आता बरा आहे."